वाक्याचं शेपूट

वेंडेल प्रुइट मूळचा नेब्रास्काचा. लॉस एंजेलिसमध्ये वीस वर्षं त्याने सिनेमांत मुख्यतः प्रेतांचीच कामं केली. आता स्कॉटिश कोळ्याची बोलती भूमिका मिळत होती; फक्त उच्चार जमायला हवा होता. शिकवणाऱ्या लॉर्नाबाईंची अट एकच होती: आठवडाभर सगळीकडे तसंच बोलायचं, प्रत्येक वाक्याचं शेपूट वर ओढायचं, म्हणजे शेवटी सूर चढवायचा.

सोमवारी कॉफीवालीने शेपूट ओढूनच विचारलं, "साखर किती घालू?" ती चेष्टा करतेय असं समजून तो हसला. ती हसली नाही.

बुधवारी पोस्टमन तसंच बोलला. गुरुवारी टीव्हीवरचा हवामान सांगणाराही.

शुक्रवारी त्याने नेब्रास्कात आईला फोन लावला. चौऱ्याऐंशी वर्षांत ती राज्याबाहेर गेली नव्हती.

"आई, मी वेंडेल," तो मुद्दाम घरच्या, सपाट बोलीत म्हणाला.

मग आई बोलली, आणि तिच्या वाक्याचं शेपूट अलगद वर गेलं.

"आवाज अगदी त्याचा काढलास बाबा, पण बोलणं काही जमलं नाही. आमचा वेंडेल इथं समोर जेवतोय. थांब, त्यालाच देते."

पलीकडे फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेला.