घरं दाखवायचा परवाना

"परवाना तुमच्या मिस्टरांच्या नावावर होता. ते गेले, परवानाही संपला. घरांची दलाली करायची तर तुम्ही नवीन काढा, फी भरून." खिडकीतल्या बाईंनी माझा अर्ज परत सरकवला.

माझ्या पर्समध्ये भाड्याच्या घरांच्या चाव्यांचा जुडगा होता. जिने चढून गिऱ्हाइकांना घरं दाखवायची मीच, पाटीवर नाव तेवढं ह्यांचं. "ह्यांनी पाच वर्षांची फी एकदम भरली आणि सहा महिन्यांत गेले. उरलेली तरी परत द्या."

"भरलेली फी परत मिळत नाही."

मी जुडगा काउंटरवर आपटला. "मग उरलेली साडेचार वर्षं हे वर घरं दाखवणार आहेत का?"

बाईंनी चाव्या बाजूला सारल्या आणि विचारलं, "नवी फी रोख की ऑनलाइन?"