नाही-दहा

अनुदान निधीकडून तपासणीला आलेल्या बाईंनी ज्यू प्रार्थनालयाची हजेरीवही पुन्हा पहिल्यापासून चाळली आणि कपाळाला आठ्या घातल्या. प्रत्येक पानावर, प्रत्येक तारखेसमोर एकच नोंद होती : नाही-दहा.

"म्हणजे वर्षभरात इथं कुणीच आलं नाही?"

"अहो, रोज येतात," चिटणीस म्हणाले. "आम्ही ज्यू लोक जिवंत माणसं आकड्यानं मोजत नाही. दृष्ट लागते म्हणतात. म्हणून नाही-एक, नाही-दोन असं म्हणायचं. हे म्हणजे दहा."

"मी नाही का दात उपटताना 'नाही दुखणार' म्हणायचो," मागच्या रांगेतला म्हातारा दंतवैद्य म्हणाला. "तसंच ते."

बाई मनापासून हसल्या. पण अर्जातला रोजच्या हजेरीचा चौकोन रिकामाच होता.

अर्जावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं : ज्यू समाज स्वास्थ्य आणि उभारी अनुदान. उभारीसाठी काय हवं, या रकान्यात चिटणिसांनी एकच शब्द लिहिला होता, गाडी. खिडक्यांना न फुटणाऱ्या काचा गेल्या वर्षीच्या अनुदानातून बसल्या होत्या. आता त्या काचांच्या आत बसायला माणसं आणायची होती. निम्म्यांचे गुडघे गेलेले, दोन बस बदलून येणं कुणाच्या आवाक्यातलं नव्हतं. भाड्याची गाडी महिनाअखेर बंद होणार होती. आणि दहा पुरुष जमले नाहीत तर गेलेल्या माणसासाठीची प्रार्थना म्हणता येत नाही, हे तर इथं सगळ्यांना पाठ होतं. आज चिटणिसांच्या बायकोचा स्मृतिदिन होता. तिचा धाकटा भाऊ रोजच येणारा, पण आज दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून आला होता.

"नियमात किमान दहा माणसं रोजची हवीत, काका," बाई म्हणाल्या. "मला समोर मोजून आकडा लिहायचाय. आज सगळे आलेत ना?"

"आलेत."

चिटणीस उठले. एकेकाच्या खांद्याला हात लावत रांगेतून फिरले. नाही-एक, नाही-दोन. नाही-नऊला त्यांनी स्वतःच्या छातीवर हात ठेवला. मग सवयीनं खिडकीजवळच्या खुर्चीच्या पाठीवर टेकवला. खुर्चीवर घड्याळजींची शाल होती.

"नाही-दहा."

दोन वर्षांपूर्वी घड्याळजींना माती देऊन सगळे परत आले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एक कमी पडला. तेव्हा चिटणिसांनी पहिल्यांदा त्या खुर्चीवर हात ठेवला होता. कुणी हूं की चूं केलं नाही. नाही-दहा म्हणण्यात तसं खोटं काहीच नव्हतं.

"माझा गोंधळ झाला," बाई म्हणाल्या. "साध्या आकड्यांत मोजता का एकदा?"

चिटणिसांनी मेव्हण्याकडे पाहिलं. तो बुटांकडे बघत होता.

"मोजा, भावोजी," तो म्हणाला. "आता कुणाला दृष्ट लागायची राहिलीय?"

चिटणिसांनी मोजायला सुरुवात केली. एक. दोन. तीन. अंगात सदरा नसताना रस्त्यावर उभं राहावं तशी त्यांना लाज वाटत होती. दंतवैद्य सहा झाला, मेव्हणा आठ. स्वतःपाशी आल्यावर ते नऊ म्हणाले. हात पुढं गेला आणि खुर्चीच्या अलीकडेच थांबला.

"नऊ," बाईंनी लिहिलं नाही, नुसतं म्हटलं. "दहावे वाटेत असतील. मी थांबते ना, मला काही घाई नाही."

अर्ज मंजूर व्हावा असं त्यांना खरंच वाटत होतं. चिटणिसांना ते दिसत होतं, आणि त्यामुळेच जास्त वाईट वाटत होतं.

"ताईची प्रार्थना?" मेव्हण्यानं हळूच विचारलं.

एकदा तोंडातून गेलेला नऊ आता गिळता येणार नव्हता. बायकोचं नाव लिहिलेली चिठ्ठी चिटणिसांच्या खिशात होती, तिच्यावर त्यांनी मूठ घट्ट केली. एवढ्या वर्षांनी तिच्यासाठी एवढंच करायचं उरलं होतं, आणि तेही आज गेलं.

बाई इतका वेळ उभ्याच होत्या. त्यांनी बसायला जागा शोधत इकडं तिकडं पाहिलं.

"ही खुर्ची रिकामी आहे ना, काका?"

बाकीचे आठही जण चिटणिसांकडे बघू लागले. त्यांनी शाल उचलली, झटकली, तिची नीट घडी घातली आणि काखेत धरली.

"हो," ते म्हणाले. "बसा. रिकामीच आहे."