पडद्याआडची कात्री

बाहेरून पुन्हा "आई" अशी हाक आली आणि पडद्याआड शिंपिणीच्या हातून सुईत ओवत आणलेला दोरा निसटला.

"आई, बाही आखूड पडतेय गं. दोन बोटं वाढेल का?"

"वाढेल की! न वाढायला काय झालं?" आरशापाशी उभी असलेली बाई म्हणाली.

न वाढायला काय झालं म्हणे! वाढवणार कोण, हिचा आरसा? शिंपिणीने दात-ओठ खात कात्री टेबलावर एकदा आपटली. एकदा म्हणजे हो.

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर महिन्यातून एका रविवारी कपड्यांची अदलाबदल चाले. मुलगा म्हणून वाढवलेल्या मुली आणि मुलगी म्हणून वाढवलेले मुलगे, सगळे ट्रान्स लोक, जुन्या कपड्यांच्या पिशव्या घेऊन येत. एकाला नकोसा झालेला झगा दुसरीच्या आयुष्यातला पहिला झगा ठरे. अडायचं ते मापापाशी. म्हणून कोपऱ्यात एक जाड पडदा आणि पडद्याआड शिंपीण. कपडा पडद्यावरून आत येई, त्याला टाचलेली मापांची चिठ्ठीही येई.

तोंड दाखवणार नाही आणि बोलणार नाही, या दोन अटींवर ती इथे आली होती. कुणी काही विचारलं तर कात्रीची टकटक. एकदा हो, दोनदा नाही. तिला त्यात नवं काही नव्हतं. तोंडात टाचण्या धरून काम करायची सवय, त्यामुळे घरीही वर्षानुवर्षं तिने अशीच उत्तरं दिली होती.

बाहेरची ती उंच पोरगी तिची लेक होती.

दोन वर्षांपूर्वी लेक दारातून आत येताना "मी आलो" म्हणायच्या ऐवजी "मी आले" म्हणाली. शिंपिणीने तोंडातल्या टाचण्या काढल्या आणि म्हणाली, "या घरात 'आलो' म्हणणाराच येईल." पोर उलट्या पावली गेली. त्यानंतर जिन्यात पाऊल वाजलं की शिंपीण मशिन थांबवून कान देई, पण "आले" काही ऐकू येत नसे. एका गिऱ्हाइकाकडून महिन्याच्या या रविवारचं आणि लेक इथे येते हे कळलं, तेव्हा डोक्यावरून मशिन न्यावं लागलं असतं तरी तिने नेलं असतं.

आणि इथे येऊन बघते तर ही बया! आरसा सरळ करायचा, "काय खुलून दिसतेस गं" म्हणायचं आणि वर आई व्हायचं! गोवर आला तेव्हा उशाशी ही बसली नव्हती. सायकलवरून पडून खांद्याचं हाड मोडलं तेव्हा दवाखान्यात ही पळाली नव्हती. आयत्या बिळावर नागोबा! पडद्याखालून त्या बाईच्या लाल चपला दिसत, आणि शिंपिणीला आताशा लाल रंगच डोळ्यांसमोर नको झाला होता. लेकीचे बूट मात्र पडद्याला अगदी खेटून, टोकं आतल्या बाजूला. जागाच तेवढीशी होती.

करडा कोट पडद्यावरून आत पडला. शिंपिणीने चिठ्ठी काढून न बघताच खिळ्याला टोचली.

"हा मी निवडलाय हं," लाल चपला म्हणाल्या.

"उद्या शाळेत हाच घालणार," लेक म्हणाली. "शिकवायचा पहिलाच दिवस. आई, भीती वाटते गं."

"भ्यायचं काय त्यात! पोरं काय खातात तुला?"

शिंपिणीचा हात कात्रीकडे गेला आणि तिथेच राहिला. याला एकदाही वाजवता येईना, दोनदाही.

मग तिच्या मनात पाप आलं. मोडलेलं हाड सांधलं तेव्हापासून लेकीचा डावा खांदा बोटभर खाली उतरलेला. शिंपीण दर कपड्याला तिथे आतून पातळ गादी लावी. आज लावलीच नाही तर? कोट एका बाजूला लोंबेल आणि या आरसेवालीची निवड सगळ्यांच्या डोळ्यांत खुपेल. तिने बाह्या दोन बोटं वाढवल्या, खांदा तसाच सोडला, कोट घडी करून उचलला.

आणि तिला शाळेचा वर्ग दिसला. चाळीस पोरं, फळ्यापाशी एकटी उभी लेक, आणि फिदीफिदी हसणारा शेवटचा बाक.

शिंपिणीने स्वतःला एक सणसणीत शिवी हासडली, अस्तर उसवलं आणि गादी लावली.

कोट बाहेर गेला.

"आई, काय मस्त बसलाय गं!"

"बसणारच! मी म्हटलं नव्हतं?"

हळूहळू बूट जिना उतरले. बाकीचेही पांगले. लाल चपला पडद्याआड येऊन खिळ्यावरच्या चिठ्ठ्या गोळा करू लागल्या, तेव्हा शिंपिणीला राहवेना. इथे यायला लागल्यापासून ती पहिल्यांदा बोलली.

"दुसऱ्याच्या लेकीकडून आई म्हणवून घेता, जिवाला काही वाटत नाही?"

बाई बघतच राहिली. "अगंबाई, तुम्हाला बोलता येतं! आणि मला कोण आई म्हणतं?"

"ती करड्या कोटवाली."

"ती? मला ती मावशी म्हणते, पहिल्या दिवसापासून." बाईने खिळ्यावरची सगळ्यात वरची चिठ्ठी काढून तिच्यापुढे धरली. दोन्ही बाजूंनी कोरी. "मीच तिला विचारणार होते, कुणाला हाका मारत असते म्हणून. आणि हे बघा, हिची चिठ्ठी कायम अशीच. मी म्हटलं, अगं, मापं तरी लिही. तर म्हणते कशी, 'आईला पाठ आहेत.'"