कोरा फ्लॅश

“रोलचा जमाना गेला आता! याच्यात कितीबी काढा, अन् काढला का इथंच दिसते. ज्याले पाहाचं असंल त्यानं या, मी दाखोवतो!” टेकचंद फोटोवाल्यानं एकोडीच्या मांडवात जाहीर केलं. विटेएवढा जड नवा डिजिटल कॅमेरा, वर जुनाच फ्लॅश बसवून, तो लाखनीहून गळ्यात घालून आला होता.

पहिला आला भैय्याजी, नवरदेवाचा मामा. वरात गोंदियाची. गोंदिया जिल्हा वेगळा झाल्यापासून तिकडचे वऱ्हाडी जरा जास्तच पाहुणे झाले होते, आणि भैय्याजी त्या सगळ्यांत मोठा पाहुणा. त्यानं टोपी सरळ केली, खांद्यावरचा आहेराचा टॉवेल झटकला आणि छाती काढून उभा राहिला.

“काढ.”

उजेड पडला.

“दाखोव.”

टेकचंदनं कॅमेऱ्याच्या पाठीवरचं बटण दाबलं. बारक्या पडद्यावर वांग्याच्या भाजीनं भरलेला गंज आला. मघाशी ट्रायल म्हणून काढलेला.

“मी कुठं आहो याच्यात?”

“मागं असाल, मामाजी.”

“गंजाच्या?”

चूक कॅमेऱ्याची नव्हती, बोटाची होती. रोलमध्ये फोटो छत्तीस आणि मांडवात माणसं चारशे. त्यातली निम्मी ‘माहाही एक काढ’ म्हणून मागं लागणारी. म्हणून टेकचंद अशांसाठी कॅमेऱ्याचं बटण सोडून फ्लॅशच्या मागचं छोटं बटण दाबायचा. उजेड पडायचा, फोटो निघायचा नाही. माणूस खुश, रोल शाबूत. इतकी वर्षं हेच केलेलं. छाती काढून उभा राहिलेला मामा दिसला की बोट आपोआप तिकडंच जायचं. आता रोल नव्हता, पण बोटाला ते कोणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्यांदा उजेड पडला. पुन्हा वांगी. तिसऱ्या वेळी भैय्याजीनं कॅमेऱ्याकडं पाहिलंच नाही, बोटाकडं पाहिलं.

“हे बटण कायचं होय?”

“फ्लॅशचं.”

“अन् फोटोचं?”

टेकचंदनं दाखवलं.

“मंग ते काहून नाही दाबून राहिला बे?”

मांडवात जो तो आपापल्या घरचे अल्बम आठवू लागला.

“थांब, थांब,” नवरीची आत्या चंद्रभागाबाई पुढं आली. “आमच्या रीताच्या बिदाईत तूच होता. ‘काकू, अजून एकडाव रडा, चांगला येईन,’ म्हणे. मी आपली दुसऱ्यांदा रडली. अल्बम आला तं मी नाहीच! ‘रोल लाइटमधी गेला, खराब झाला,’ म्हणे. तवा कोणतं बटण दाबलं होतं रे, मुडद्या?”

“आमच्या सगळ्या घराण्याले उन्हात उभं केलं होतं यानं!” मागून कोणी ओरडलं.

“माहा घोड्यावरचा कुठं आहे?”

“काढा रे त्याच्या गळ्यातून ते!”

तेवढ्यात करडीची जानकीबाई माणसं सारत समोर आली. ती ओरडली नाही. “करडीच्या लग्नात माह्या म्हाताऱ्यानं तुह्यापासून एक काढून घेतला होता. त्यासाठी दाढी करून आला होता तो. पोळ्याले वारला. मी तुह्या दुकानात येऊन येऊन थकली. तू म्हणे, रोल धुवाले नागपूरले गेला आहे.” मग तिनं विचारलं, “खरा काढला होता का रे, बाबू?”

टेकचंदला खरंच आठवत नव्हतं. त्याला कॅमेऱ्याचा भयंकर राग आला. “फिल्मच्या कॅमेऱ्यानं कधी कोणाले पोट उघडून नाही दाखोवलं,” तो दात खाऊन पुटपुटला.

“माहा फोटो माह्या डोळ्यानं पाहीन, तवाच पंगत बसंल,” भैय्याजी गरजला. “नाही तं वरात उपाशी वापस!”

नवरीचा बाप सेवकराम हात जोडत टेकचंदकडं आला, आणि त्याच हातांनी त्यानं त्याची कॉलर धरली. “काढ बे सगळ्याचे. माह्या पोरीचं लगन तुह्या बोटापायी मोडू देऊ का?”

मग टेकचंदनं सगळ्यांचे काढले. खरे. सेवकराम बाजूला उभा राहून बोटावर नजर ठेवून होता. चंद्रभागाबाई तिसऱ्यांदा रडली, या वेळी रागानं, पण रडणं चांगलं आलं. जानकीबाई एकटीच उभी राहिली, बाजूला एका माणसाची जागा सोडून. शेवटी भैय्याजी. टोपीसकट पुरा आला.

“हा. याले म्हणते फोटो,” तो म्हणाला, आणि पंगत बसली. कॅमेरा मात्र त्यानं परत दिला नाही. तसाच मांडीवर घेऊन तो पत्रावळीपुढं बसला.

“मामाजी, मले द्या, मी दाखोवतो,” टेकचंद मागून म्हणाला.

“तू लय दाखोवलं. सरक तिकडं.”

फोटो मोठा करून शेजारच्यांना दाखवायचा होता. भैय्याजीनं एक बटण दाबलं. पडद्यावर इंग्रजीत तीन ओळी आल्या. सगळी पंगत माना वळवून पाहत होती. आपल्याला वाचता येत नाही असं दिसू नये म्हणून त्यानं झटकन शेवटची ओळ निवडली. कॅमेऱ्यानं पुन्हा काहीतरी विचारलं. भैय्याजीनं पुन्हा दाबलं.

“मामाजी, नोको!” टेकचंद ओरडला.

सकाळपासूनचं लग्न पुसलं गेलं. पडदा काळा झाला आणि आत एकही फोटो नाही, असं त्यावर इंग्रजीत आलं. भैय्याजीनं कॅमेरा पत्रावळीशेजारी ठेवला आणि वाढप्याला वरण मागितलं.