पहिली पारख

सोन्या-रत्नांची पारख शिकून आलेल्या लेकीने स्वतःचं दुकान थाटलं, तेव्हा पहिलं गिऱ्हाईक म्हणून आईच हजर झाली. हातातली बांगडी काढून तिने मोठ्या ऐटीत टेबलावर ठेवली.

"बघा बाई, कशी आहे ते."

लेकीने डोळ्याला भिंग लावलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"आई, सोनं एकदम चोख आहे गं, म्हणून तर इतकं मऊ आहे. पण वापरलंयस कसं! कडेला शेजारी शेजारी दोन पोचे आलेत. थांब, घासून काढते."

तिने पॉलिशचं मशीन सुरू केलं, तशी आईने ताडकन उठून तिचा हात धरला.

"खबरदार! बाकीची हवी तेवढी चमकव, पण त्या पोच्यांना हात लावायचा नाही."

"अगं, पण सोन्यातलं तुला जास्त कळतं की मला?"

"तुलाच गं बाई," आई हसत म्हणाली. "ही बांगडी तू आधीही पारखली आहेस, माझ्या मांडीवर बसून. तेव्हा तुझ्याकडे भिंग नव्हतं. नुकतेच आलेले दोन दात होते."