चिडवणारा माणूस

"कट. परत मान हलली."

हिरोची मान सहाव्यांदा हलली होती. राजूरच्या बाजारात लोक बहिऱ्याला मागून हाका मारतात आणि तो वळत नाही, एवढाच प्रसंग. पण मान ऐकणाऱ्या माणसाची. हाक आली की तिला राहवायचं नाही.

कानिफनाथ बाजूला उभा राहून बघत होता. तो जन्मापासून ठार बहिरा. अकोल्यात त्याची मूकबधिरांची नाटकमंडळी होती. वीस वर्षांत चौदा नाटकं बसवली, बहुतेकांत स्वतः कामं केली. विंगेत उभा राहून तो फळ्यांवर पाय आपटायचा आणि नटांना तो इशारा तळपायांतून पोचायचा. या सिनेमातल्या बहिऱ्यासाठी त्याने चाचणी दिली होती. हाच प्रसंग. मागून हाका मारल्या, तो न वळता तसाच उभा राहिला. दिग्दर्शक म्हणाला, "यात अभिनय कुठे आहे? हे तर नुसतेच उभे राहिले."

भूमिका गाजलेल्या हिरोला गेली. त्याला बहिरेपण शिकवायचं काम कानिफनाथकडे आलं. वर आश्वासन मिळालं की हिरोच्या बहिऱ्या मित्राची छोटी भूमिका तुमचीच. त्या आशेवर तो आला होता. एकदा तरी पडद्यावर बहिऱ्याने बहिरा उभा करावा, बाकी त्याला काही नको होतं.

आज सकाळी तो मित्रच कथेतून काढला गेला. लोकांचं बोलणं हातांनी त्याला सांगायचं काम त्याची बायको आरती करायची. ही बातमी सांगताना तिने दोनदा हात खाली घेतले.

सातव्या वेळी हिरोच्या कानांत कापसाचे बोळे घातले. मान हलली नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

आता चिडवणारा माणूस हवा होता. गावातले लोक लाजत होते आणि मुंबईहून आणलेला नट चिडवताना भाषण करत असल्यासारखा दिसत होता. दिग्दर्शक वैतागला. त्याची नजर कानिफनाथवर गेली.

"वहिनी, यांना विचारा, चिडवणाऱ्याचं काम करतील का? आवाज आपण नंतर टाकू."

आरती तापली. "सायेब, मानूस बहिरा हाय. त्यालाच बहिऱ्याला चिडवायला लावता व्हय?"

कानिफनाथने तिचा दंड धरला आणि काय झालं ते विचारलं. तिने सांगितलं. तो थोडा वेळ हिरोच्या पाठीकडे बघत राहिला. मग जाऊन त्याच्या मागे उभा राहिला.

कॅमेरा सुरू झाला. त्याने हिरोच्या कानामागे चुटक्या वाजवल्या. तोंड वेडंवाकडं करून नुसतेच ओठ हलवले. शेजारच्याला डोळा मारला. दोन्ही तळवे कानांशी धरून म्हशीच्या कानांसारखे फडफडवले. ठरल्याप्रमाणे हिरो वळला, तसा कानिफनाथचा चेहरा एकदम साळसूद झाला. त्याने हिरोच्या खांद्यावरची धूळसुद्धा झटकली.

एका दमात झालं. गर्दीतलं कुणी हसलं नाही.

दिग्दर्शक धावत आला. त्याने कानिफनाथचे दोन्ही हात हातात घेतले. "अहो, काय नेमकं केलंत. हे शिकलात कुठे?"

आरतीने विचारलं. कानिफनाथने आपले हात सोडवून घेतले आणि उत्तर दिलं. ते तोंडाने सांगायला तिला वेळ लागला.

"शाळेत, म्हनत्यात. पोरं रोज माझ्या मागं हेच करायची, अन् मला समोरच्या खिडकीच्या काचंत दिसायची."