सेकंदाला साठ चित्रं

पियुषने दोन्ही टीव्ही शेजारी शेजारी मांडून ठेवले होते. डावीकडच्याला जुना गेम कन्सोल, उजवीकडच्याला नवा. भूमिका खोलीत आली तसा त्याने पंखा वाढवला, पलंगावरचे कपडे हाताने मागे लोटले आणि तिला खुर्ची दिली.

खाली बैठकीत तिचे वडील आणि त्याच्या घरची माणसं कापसाविषयी बोलत बसली होती. मुलामुलीला वर जाऊन जरा बोलू द्या, असं त्याच्याच काकांनी सुचवलं होतं. तसं फोनवर दोघांचं महिनाभर बोलणं चालूच होतं. ती जळगावला शाळेत शिकवायची, तो दोंडाईच्याजवळ सोलर प्लांटवर इंजिनिअर होता. लग्नानंतर नोकरी करशील का, असं त्याने तिला कधी विचारलं नव्हतं. करणारच, असं धरून चालला होता. तेवढ्यावरच तिचं मन जवळजवळ ठरलं होतं. आज फक्त घर बघायचं राहिलं होतं.

"जुना सेकंदाला तीस चित्रं दाखवतो, नवा साठ," तो म्हणाला. "आणि बारकावा चौपट. बघ आता."

दोन्हीकडे एकच खेळ, एकच जागा. डोंगराखालचं गवताळ रान. डावीकडे गवत म्हणजे नुसत्या हिरव्या पट्ट्या होत्या, आणि घोडा वळला की सगळं रान अडखळत सरकायचं. उजवीकडे पातं न् पातं वेगळं हलत होतं. घोड्याच्या मानेवरून घाम ओघळताना दिसत होता. भूमिकाला ते खरंच आवडलं. हे बघितल्यावर डावीकडे बघवत नाही, असं ती म्हणाली. तो खूश झाला.

मग त्याने खेळातली दुसरी जागा उघडली. तिथे एक गोठा होता आणि खांबाला एक माणूस बांधलेला होता. त्याला सोडूनही देता येतं, पियुषने सांगितलं, पण खरा फरक कळतो तो गोळी घातल्यावर.

आधी त्याने डावीकडे गोळी घातली. माणूस दोन झटक्यांत खाली गेला. त्याचा चेहरा म्हणजे एक मातकट डाग होता. मग पियुषने उजवीकडचा कंट्रोलर भूमिकाच्या हातात दिला आणि तिचं बोट बटणावर नेऊन ठेवलं.

"तू दाब."

तिने दाबलं. कंट्रोलरमधून तळहातांना धक्का बसला, आणि त्यामागून एक बारीक धडधड आली, ती हळूहळू मंदावत गेली. पडद्यावर माणसाचा गुडघा फुटला होता. तो लगेच पडला नाही. आधी त्याने खाली आपल्या पायाकडे पाहिलं. मग ओठ वाकडे झाले, नाकातून पाणी आलं, आणि तो काहीतरी बोलायला लागला. आवाज मात्र येत नव्हता.

भूमिकाने कंट्रोलर गादीवर ठेवला आणि आवाज का नाही ते विचारलं. जुन्या-नव्यात आवाजाचा काही फरक नाही, म्हणून तो बंदच ठेवतो, असं पियुष म्हणाला.

तिला फरक नीट कळला नाही, असं त्याला वाटलं. त्याने माणसाला पुन्हा उभं केलं आणि पुन्हा गोळी घातली. मग खांद्यात घातली. तिथे तो वेगळा कळवळतो, हे दाखवायला. मग चित्र थांबवलं आणि चेहऱ्याच्या जवळ जवळ नेलं. पापण्यांचे केस दिसले. खालच्या ओठाची फाटलेली साल दिसली. शेवटी एक ओला डोळा सगळ्या पडद्यावर पसरला, आणि त्याच्या बुबुळात बंदूक धरून उभी असलेली एक छोटी आकृती दिसली.

"हे जुन्यात नव्हतंच," पियुष म्हणाला. त्याचा आवाज हळुवार झाला होता. "यात मी दिसतो."

बास आता, भूमिका म्हणाली. त्याने एकच अजून म्हणून माणसाला परत उभं केलं.

तेवढ्यात त्याची आई लताबाई चहा आणि केळ्याचे वेफर्स घेऊन आली. भिंतीकडे तोंड करून ती आडवी आडवी आत शिरली, ताट स्टुलावर ठेवलं आणि टीव्हीकडे पाठ करून उभी राहिली. मावशी, तुम्ही बघत नाही का, असं भूमिकाने विचारलं. लताबाईने सांगितलं की आधी ती इथेच बसून शेंगा सोलायची, पियुषचा खेळ बघायची, हसायचीसुद्धा.

"पहिले बाहुल्या व्हत्यात," ती अहिराणीत म्हणाली. "आते माणसं शेतस."

पियुष मोठ्याने हसला. बघ, आता माणसं आहेत म्हणते, आईलासुद्धा फरक कळतो, तो म्हणाला.

भूमिका चहा न पिता खाली आली. बेसिनवर तिने साबण लावून हात धुतले, पुसले, आणि परत धुतले. तळहातांतली ती धडधड जात नव्हती.

गाडी शिंदखेड्याच्या रस्त्याला लागल्यावर नानांनी, तिच्या वडिलांनी, विषय काढला. घर चांगलं आहे, माणसं साधी आहेत, काय कळवायचं? नाही म्हणून कळवा, ती म्हणाली. मुलगा पितो का, त्याचं दुसरीकडे कुठे आहे का, असं त्यांनी चाचरत विचारलं. तसं काही नव्हतं. मग तिने वरच्या खोलीत काय झालं ते सांगितलं.

शेवटी खेळच तो, नाना म्हणाले. खेळण्याच्या नादात पोरं एवढं कुठे निरखून बघतात.

"तसं असतं तर मी हो म्हटलं असतं, नाना," भूमिका म्हणाली. "तो बघतो."